श्रीमती विभागीय चौकशीबाई यांसी खुले पत्र

श्रीमती विभागीय चौकशीबाई यांसी,
मुक्काम पोस्ट : सुरू आहे.

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली प्रकृती उत्तम असेलच. आपल्याला काही होत नाही आणि आपल्यामुळे कुणालाही काही होत नाही, हे सारा महाराष्ट्र जाणतो.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. 22 मार्च 2020च्या जनता कर्फ्यूपासून 2022च्या गुढीपाडव्यापर्यंत या राज्यात काय काय बंद झालं ते आठवून पाहा. शाळा बंद, देवळं बंद, लोकल बंद, न्हाव्याचं दुकान बंद, तालमी बंद. त्या दोन वर्षांत फक्त आपलं शटर कधी खाली आलं नाही. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर दर चार दिवसांनी आपलं दर्शन व्हायचं : चौकशी सुरू आहे. अत्यावश्यक सेवांच्या यादीत नाव नसताना आपण ही सेवा अखंड दिलीत. डॉक्टर-नर्ससाठी थाळ्या वाजल्या, आपल्यासाठी कुणी साधी टाळीही वाजवली नाही. ती उणीव आज भरून काढतो.

पहिले आभार घरगुती आहेत. त्या पहिल्या टाळेबंदीत, एप्रिलातल्या एका सकाळी मी वडिलांचं इन्सुलिन आणायला निघालो होतो. चौकात बांबू आडवे बांधलेले, मध्ये एक माणूस जाईल एवढी फट. एका हातात बर्फाचा थर्मास, दुसऱ्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठी दाखवावी म्हणून हात वर केला, तोवर पोटरीवर काठी बसलीसुद्धा. तक्रार नाही हो, कौतुकच सांगतो आहे. माझ्या पुढच्याला, मला आणि मागच्याला अगदी एका मापाने मिळाली. समानतेचं तत्त्व राज्यघटनेत वाचलं होतं, पोटरीवर पहिल्यांदाच अनुभवलं.

त्याच चौकात भाजीवाल्या मामांची हातगाडी उलटी केली गेली. टोमॅटो उतारावरून थेट गटारापर्यंत गेले. वजनकाटा जप्त झाला. मामा गाडीच्या चाकाला धरून उभे. ते वजनं शोधायला वाकले, तर त्यांना तिथेच उठाबशा काढायला लावल्या. वाकलेच आहेत तर व्यायामही होऊन जाऊ दे, असा त्यामागे उदात्त विचार असावा. कुणीतरी गॅलरीतून हे सगळं मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत वरिष्ठांनी त्याची गंभीर दखल घेतली आणि बाई, आपलं आमच्या गल्लीत आगमन झालं. मी मामांना आनंदाने सांगायला गेलो, की आता चौकशी होणार. मामा म्हणाले, "कुणाची? माझी का टोमॅटोची?"

अडाणी माणूस. आपला महिमा त्याला काय ठाऊक!

मला जबाबाला बोलावणं आलं तेव्हा एक पावसाळा उलटून गेला होता. साहेब अतिशय सौजन्याने वागले. खुर्ची दिली, कागदी कपातून चहा दिला. मारणाऱ्याचं नाव विचारलं. म्हटलं, माहीत नाही. छातीवरची नावाची पट्टी? म्हटलं, वरून प्लास्टिकचा अंगरखा होता. चेहरा? म्हटलं, मास्क होता. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मग ओळख कशी पटवणार? मास्क तर सगळ्यांना सक्तीचाच होता ना." मग पेन पुन्हा उचलून त्यांनी विचारलं, "तुमच्या तोंडाला काय होतं?" मी म्हटलं, रुमाल. त्यांनी लिहिलं : अर्जदाराने योग्य प्रकारचा मास्क परिधान केलेला नव्हता.

बाई, संपूर्ण चौकशीत निर्विवाद सिद्ध झालेली बाब ही एवढीच. पुढे पत्र आलं, की अर्जात तथ्य आढळून येत नसल्याने तो दप्तरी दाखल करण्यात येत आहे. अर्ज तरी कुठेतरी दाखल झाला, याचं समाधान मानतो. त्या दिवसांत इस्पितळात खाटा मिळत नव्हत्या, दप्तरात मात्र आपण जागा करून दिलीत.

आपल्या शांत स्वभावाचं मोल कळायला आमच्यासाठी ठेवलेला न्याय पाहावा लागतो. आमच्यासाठी होतं भारतीय दंडविधानाचं कलम 188, सरकारी हुकूम मोडल्याचं. गृहमंत्र्यांच्या कार्यालयातून रोज आकडे प्रसिद्ध व्हायचे : 188 खाली इतके गुन्हे, इतके अटकेत, इतकी वाहनं जप्त, इतका दंड वसूल. पहिलं वर्ष सरायच्या आतच गुन्ह्यांचा आकडा दोन लाखांवर गेला होता. रोजच्या रोज, शेवटच्या अंकापर्यंत हिशेब! त्याच पत्रकात 'आज इतक्या पोलिसांविरुद्ध तक्रारी आल्या, इतक्या निकाली निघाल्या' अशी एक ओळ कधी दिसली नाही. आपल्या विनयाची ही परिसीमा. स्वतःची जाहिरात म्हणून करायची नाही.

शिवाय आम्हाला मुदती होत्या. 2021च्या एप्रिलात किराणा आणि भाजी सकाळी 7 ते 11 एवढाच वेळ. चार तासांत सगळं गाव एका दुकानापुढे उभं राहावं आणि गर्दी टळावी, असा तो हिशेब होता. लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत उरका, नाहीतर पन्नास हजार दंड. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न असंच लागलं. भटजींनी मंगलाष्टकं अशी पळवली, की शेवटचं कडवं संपायच्या आत वरमाला पडल्या. जेवणं घरोघरी डब्यांतून पोचली. अंत्ययात्रेला वीस माणसं. जन्माचे सोहळे, मरणाचे सोहळे, सगळ्यांना घड्याळ लावलं होतं. आपल्याला मात्र मुदत कशी ती ठाऊक नाही. मुदतवाढ ठाऊक आहे.

कधीकधी आपण किती झपाट्याने काम करता, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे, नाहीतर माझ्यावर एकतर्फीपणाचा आरोप व्हायचा. 8 एप्रिल 2020. जिल्ह्यांच्या सीमा बंद. मजूर मुलाबाळांना खांद्यावर घेऊन रस्त्याने चालत निघालेले. अशा वेळी डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे प्रवर्तक वाधवान बंधू, कुटुंबीय आणि नोकरचाकर मिळून तेवीस जण, पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले. त्यांच्याजवळ गृह विभागाच्या विशेष प्रधान सचिवांचं, अमिताभ गुप्ता यांचं पत्र होतं. हे आपले कौटुंबिक स्नेही असून कौटुंबिक निकडीसाठी प्रवास करत आहेत, असा त्यातला मजकूर. बंधूंच्या मागे येस बँक प्रकरणात तपास यंत्रणा लागलेल्या होत्या. हवापालट ही निकड नाही, असं कोण म्हणेल? आमच्या वडिलांचं इन्सुलिन तेवढं निकडीत बसत नव्हतं; पत्रावर सही करायला आमचा स्नेहीच नव्हता.

ओरड झाली. गुप्ता साहेबांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं, वरिष्ठ सचिवांकडे चौकशी सोपवली गेली, पंधरा दिवसांची मुदतही घातली गेली. आपण धावलात. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गुप्ता साहेब पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. पुणेकरांच्या वतीनेही आपले आभार. टाळेबंदी मोडणाऱ्यांवर कारवाई करायला इतका अनुभवी अधिकारी त्यांना एरवी कुठे मिळाला असता?

खरं सांगू का बाई, आम्ही नियमांना कंटाळलो असं जे म्हणतात, ते अर्धंच खरं. पहिल्या उन्हाळ्यात लोकांनी आपणहून गल्लीच्या तोंडाशी दोऱ्या बांधल्या होत्या. आजीला खिडकीतून पाहिलं, बाळाचं बारसं फोनवर केलं, मास्क उकळून वाळत घातले. थकवा आला तो नियम रोज पालटू लागले आणि पालटताना फक्त खालच्याकडे बघू लागले तेव्हा. 2020च्या जूनअखेरीस मुंबईत फर्मान निघालं, घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. दुसऱ्या दिवशी हजारो गाड्या जप्त. काही दिवसांत फर्मान गुंडाळलं गेलं. गाड्या सोडवायला ज्यांनी चौक्यांचे उंबरे झिजवले, ते उंबरे त्यांच्या घरापासून किती किलोमीटरवर होते, हे मोजायचं राहूनच गेलं. ते काम आपलं होतं. पण आपण बहुधा दोन किलोमीटरच्या बाहेर असाल.

मग आले रंगीत स्टिकर. एप्रिल 2021. डॉक्टरांच्या गाडीला लाल, भाजी-किराण्याच्या गाडीला हिरवा, इतर अत्यावश्यकांना पिवळा, सहा इंचांचं वर्तुळ, ज्याचं त्याने कापून चिकटवायचं. हस्तकलेचा हा तास आठवडाभरात सुटला. तेवढ्यात एका तरुणाने ट्विटरवर विचारलं होतं, की मैत्रिणीला भेटायला कोणता रंग लावू. मुंबई पोलिसांनी त्याला इतकं गोड, चुरचुरीत उत्तर दिलं, की देशभर वाहवा झाली. आम्हीही हसलो. नंतर मनात आलं, आपला अर्जही ट्विटरवरच टाकला असता तर निदान कोटी तरी पदरात पडली असती.

लोकलचं तर विचारू नका. 1 फेब्रुवारी 2021 पासून सामान्यांना प्रवेश मिळाला तो सकाळी 7 पर्यंत, दुपारी 12 ते 4 आणि रात्री 9 नंतर. म्हणजे ज्याची नोकरी सकाळी दहाची, त्याने सात वाजता पोचून तीन तास फलाटावर बसावं आणि संध्याकाळी सहाला सुटून नऊपर्यंत वाट पाहावी. दीड महिना उलटतो न उलटतो तोच पुन्हा सगळं आवळत गेलं आणि एप्रिलात सामान्यांसाठी दारं परत बंद. लसीचे दोन डोस घेतलेल्यांना मुभा मिळाली ती थेट 15 ऑगस्टला. डोंबिवलीचा माणूस त्या काळात ओळखपत्रं बनावट करायला शिकला. तो पकडला गेला तेव्हा चौकशी झाली नाही, थेट गुन्हा दाखल झाला.

एक खुलासा करतो, गैरसमज नको. काठी मारणाऱ्या त्या हवालदारावर माझा राग नाही. तो बारा-बारा तास उन्हात उभा होता, पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत त्याची माणसं होती. त्या साथीत या राज्याचे शेकडो पोलीस गेले. पंचावन्न वर्षांवरच्यांना घरी राहायला सांगायचं सुचलं ते एप्रिलच्या अखेरीस, मुंबईत तीन पोलीस दगावल्यावर. साखर आणि रक्तदाब असलेला हवालदार नाक्यावर कुणी उभा केला, कोणत्या भरवशावर, एका मास्कवर किती दिवस, याची चौकशी आपण केलीत का? त्याच्या घरच्यांनी विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत? त्याच्या बाबतीत आपण एरवी फार चपळ असता, असं ऐकतो. साहेबाला उलट बोलला, रजेवरून दोन दिवस उशिरा आला, की आपण हजर. वेतनवाढ रोखली, समज दिली, बदली केली, पंधरवड्यात निकाल. जिना चढायचा असला की मात्र आपले गुडघे दुखतात. वयोमानानुसार असेल.

वयावरून आठवलं. आपलं घराणं जुनं आहे. ज्या साथरोग अधिनियमाच्या जोरावर आमच्यावर 188 लागलं, तो 1897चा, प्लेगच्या धामधुमीतला. तेव्हा पुण्यात रँड साहेबांचे सोजीर घरांत, देवघरांत शिरत होते. लोकांनी अर्ज केले, वर्तमानपत्रांनी लिहिलं, कुणी दाद घेतली नाही. शेवटी 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत जे घडलं ते शाळेच्या पुस्तकात आहे. त्या मूळ अधिनियमात जेमतेम चार कलमं. तिसऱ्यात आम्हाला शिक्षा आणि चौथ्यात साहेबांना अभय : सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कुणावर दावा चालणार नाही. इंग्रज गेला, प्लेग गेला, चौथं कलम राहिलं. माझ्या पोटरीवर जे उमटलं होतं, ती सद्भावना होती. निळी पडली होती, म्हणून ओळखता आली नाही.

आपल्या तामिळनाडूतल्या भगिनींचंही अभिनंदन कळवा. 19 जून 2020, तूतुकुडी जिल्ह्यातलं सातानकुलम. मोबाइलचं दुकान ठरल्या वेळेनंतर उघडं ठेवलं, या आरोपावरून एका दुकानदाराला पोलिसांनी उचललं. मागोमाग त्याचा मुलगा ठाण्यात गेला. 22 आणि 23 तारखेला, लागोपाठ, दोघंही गेले. दुकान किती वाजेपर्यंत उघडं होतं, हा प्रश्न. उच्च न्यायालयाने दंडाधिकारी पाठवले, तर त्यांनाच ठाण्यात अडवाअडवी झाली. सीसीटीव्ही होता, पण चित्रण रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल अशी त्याची मांडणी करून ठेवलेली होती. शेवटी न्यायालयाने ते पोलीस ठाणेच महसूल अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्यायला लावलं. इथे मला थट्टा सुचत नाही, बाई. पुढे जातो.

आपल्या कारकिर्दीचा कळस मुंबईत चढला, तो मात्र सविस्तर सांगायलाच हवा, कारण त्यात साथ आणि आपण अशी जोडी जमली. 2002च्या घाटकोपर स्फोटात परभणीचा एक सत्तावीस वर्षांचा अभियंता पकडला गेला. जानेवारी 2003मध्ये पोलिसांनी सांगितलं, की तपासाला नेताना पारनेरजवळ गाडी उलटली आणि तो पळाला. तो आजतागायत परतलेला नाही. सीआयडीने तपास केला, तेव्हा हा कोठडीतला मृत्यू असल्याचं पुढे आलं. चौदा पोलिसांची नावं आली, खटल्याची परवानगी सरकारने दिली ती चौघांपुरती. त्या चौघांत एक होते सचिन वाझे. 2004 पासून निलंबित.

आणि जून 2020मध्ये वाझे साहेब पुन्हा सेवेत! कारण काय, तर कोरोनामुळे मनुष्यबळाची टंचाई. बाई, या कारणाला तोड नाही. सोळा वर्षं आपण त्यांच्या बाजूला बसून होतात, विषाणूने येऊन गाठ सोडवली. आमच्याकडे साथीने नोकऱ्या गेल्या. रिक्षावाले हप्त्यांत बुडाले, केटररने भांडी विकली, शाळेची बस चालवणारा माणूस दारोदार सॅनिटायझर विकत फिरला. साथीने गेलेली नोकरी परत मिळालेला माणूस आम्ही एवढाच पाहिला. बरं, टंचाई नाकाबंदीला होती ना? साहेबांना गुन्हे गुप्तवार्ता विभागात बसवलं.

मग 25 फेब्रुवारी 2021ला अंबानींच्या घराजवळ स्फोटकांची गाडी सापडली, मार्चच्या सुरुवातीला त्या गाडीशी संबंधित व्यापाऱ्याचा मृतदेह ठाण्याच्या खाडीत मिळाला आणि 13 मार्चला एनआयएने वाझे साहेबांना अटक केली. पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून हलवलेल्या परमबीर सिंह यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. आरोप असा, की गृहमंत्री अनिल देशमुखांनी वाझेंना दरमहा 100 कोटी जमवायला सांगितले. मुंबईतले 1,750 बार आणि रेस्टॉरंट, प्रत्येकी दोन-तीन लाख धरले तर 40-50 कोटी तिथेच होतात. देशमुखांनी आरोप फेटाळला. खरं-खोटं न्यायालय पाहील. मी फक्त गणित पाहिलं आणि थक्क झालो. अर्ध्या टेबलांवर फुल्या मारून धंदा करा, असा हुकूम असलेल्या हॉटेलांवर बसवलेलं हे गणित, आणि ज्या खात्याकडून रोज 188चे आकडे यायचे त्याच खात्याच्या माजी आयुक्तांनी मांडलेलं. आम्ही तेव्हा दोनशे रुपयांची मास्कची पावती जपून ठेवत होतो.

त्या वेळी आपल्या थोरल्या जाऊबाई, चौकशी आयोग, याही पदर खोचून आल्या. निवृत्त न्यायमूर्ती चांदीवाल यांचा एकसदस्य आयोग. आरोप करणारेच साक्षीला फिरकेनात. आयोगाने दंड केला, आधी 5,000, मग 25,000. वॉरंट निघालं. एका वेगळ्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना फरार घोषित केलं. मुंबईचा माजी पोलीस आयुक्त मुंबई पोलिसांना सापडेना! नोव्हेंबरात ते आपणहून प्रकटले, डिसेंबरात निलंबित झाले आणि 2023च्या मेमध्ये, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या निर्णयाचा हवाला देऊन, विभागीय चौकशी बंद, निलंबन रद्द, आणि निलंबनाचा सगळा काळ कर्तव्यावरचा काळ म्हणून धरला गेला. टाळेबंदीत बंद राहिलेल्या दुकानांचा काळही धंद्याचा काळ म्हणून धरावा, असा अर्ज आमच्या गल्लीतला न्हावी करणार आहे. त्याला आपला पत्ता दिला आहे.

आता थोडं मनातलं, आणि रागावू नका. वाझे साहेबांना 2021च्या मेमध्ये बडतर्फ केलं गेलं, ते कसं, हे आपल्याला कळलं असेलच. राज्यघटनेच्या कलम 311, पोटकलम (2)(ब) खाली. चौकशी करणं व्यवहार्य नसेल तर ती न करताच बडतर्फ करता येतं, अशी ती सोय. म्हणजे बघा, ज्या दिवशी खात्याला माणूस खरोखर काढायचा होता, त्या दिवशी त्यांनी आपल्याला विचारलंसुद्धा नाही. परस्पर, एका आदेशात. सोळा वर्षं आपल्या पदराआड ठेवलेला माणूस दोन महिन्यांत गेला आणि आपण दारात उभ्या राहिलात. इतकी वर्षं आपण खात्याची सेवा केलीत, त्याचं हे फळ? आपल्याला बोलावतात ते कधी आणि टाळतात ते कधी, हे एकदा शांतपणे कागदावर मांडून पाहा. मला तर आपली फार दया आली.

आपल्या जागी दुसरी आणायची खटपटही झाली आहे, सावध असा. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006ला सांगितलं, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात स्वतंत्र प्राधिकरण हवं. महाराष्ट्राने कायद्यात तशी दुरुस्ती केली 2014मध्ये. घाईघाईत काही करायचं नाही, हे आपलेच संस्कार. निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतात, शिफारस करता येते, निर्णय सरकारचा. काठी खाल्लेल्या दहा जणांना विचारलं, तर प्राधिकरण म्हणजे त्यांना फक्त पाण्याचं नाहीतर विजेचं ठाऊक होतं. तेव्हा आपल्या गादीला तूर्त धोका नाही. ठाण्याठाण्यांत, कोठडीपासून दरवाज्यापर्यंत कॅमेरे लावा आणि चित्रण दीड वर्ष जपा, असंही 2 डिसेंबर 2020ला याच न्यायालयाने बजावलं. कॅमेरे लागले. ते नेमके कोणत्या दिवशी बिघडतात, याचं पंचांग आपल्याकडेच असावं.

सबब, चरणी एवढीच प्रार्थना. पुढची साथ यायची तेव्हा येईल. तेव्हा पुन्हा पत्रकार परिषद होईल, पुन्हा घरात बसा म्हणतील, आणि आमच्या गल्लीत कुणी आपणहून दोरी बांधायला उठेल असं मला वाटत नाही. त्या वेळी आपण यायची तसदी घेऊ नये. थेट निकालच लावून ठेवा, जबाब आम्ही सवडीने देऊ. कागद वाचेल, चहा वाचेल, आणि पोटरीला आधीच समजेल की ही सद्भावना आहे.

लोभ आहेच, तो आणखी वाढू नये, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक दप्तरी दाखल अर्जदार

ता. क. : मार्च 2022मध्ये सरकारने टाळेबंदीतले 188चे गुन्हे मागे घेणार म्हणून जाहीर केलं, त्याबद्दल आपल्यामार्फत धन्यवाद. त्याच धर्तीवर त्या काळातल्या लाठ्याही मागे घेता येतील का, अशी विचारणा मी एका कार्यालयात लेखी केली होती. चौकशी करून कळवतो म्हणाले आहेत.